भाजीला तेल लागतं, पण किती?

डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं, की पहिल्या आठवड्यात घरात दुधी उकडला जातो, दुसऱ्या आठवड्यात कोबी. तिसऱ्या आठवड्यात पानातल्या फिक्कट फरसबीकडे बघून मंडळी लोणच्याची बरणी पुढे ओढतात आणि महिना संपायच्या आत कढईत जुन्या मापानं तेल पडायला लागतं. यात जिभेचा काही दोष नाही. तेल काढून घेतलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही, तर भाजी पथ्याचीच लागणार.

भाजीला चव येते ती भाजण्यातून, वाफेतून, आंबट-गोडातून, ताज्या मसाल्यातून आणि फोडणीच्या वासातून. तेलाचं काम त्यात एवढंच, की मोहरी-हिंग-जिऱ्याचा वास स्वतःत उतरवून घ्यायचा आणि भाजीभर पोचवायचा. ते काम चमचा-दोन चमचे तेलात उरकतं. त्यावर आपण जे ओततो ते बहुतेक वेळा तीन कारणांनी ओततो: कढई पातळ बुडाची असते, आपल्याला घाई असते, किंवा मसाला शिळा झालेला असतो. ही तीन कारणं दूर केली की निम्मं तेल आपोआप गळतं आणि पानावर कुणाच्या लक्षातही येत नाही.

आधी मोजमाप बघू, कारण "आम्ही तसं कमीच खातो" असं प्रत्येक घर म्हणतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी जी आहार-मार्गदर्शिका काढली, तिच्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप आणि ४०० ग्रॅम भाज्या असं माप आहे. चार मोठ्या माणसांच्या घराचा महिन्याचा हिशेब केला तर तेल, तूप, लोणी सगळं मिळून साडेतीन लिटरच्या आसपास येतो. आता वाण्याची यादी काढा. पाच लिटरचा डबा महिनाभर पुरत नसेल, वर तूप वेगळं येत असेल, तर उत्तर समोरच आहे. चहाच्या एका सपाट चमच्यात ५ मिलिलिटर तेल मावतं, म्हणजे साधारण ४० कॅलरी. अर्धा किलो भाजीला असे दोन चमचे तेल पुरतं. ज्यांच्याकडे पळीनं तेल घालतात त्यांनी एकदा आपली पळी चहाच्या चमच्यानं मोजून बघावी.

म्हणून पहिला बदल रेसिपीत करायचा नाही, ओट्यावर करायचा. बाटलीतून किंवा पिशवीतून कढईत थेट तेल ओतायचं नाही. तोंड रुंद असलेल्या छोट्या बरणीत आठवड्याचं तेल काढून ठेवा, तिच्यात चमचा ठेवा आणि फोडणीला त्या चमच्यानंच घ्या. हात सैल सुटतो तो बाटली हातात असली की.

आता फोडणी. मोठ्या कढईत एक चमचा तेल घातलं की ते पसरून जातं, मोहरी कोरड्या पत्र्यावर पडते आणि तडतडायच्या आधी करपते. मग आपण म्हणतो, "एवढ्या तेलात फोडणी होत नाही." होते, पण कढल्यात. प्रत्येक मराठी घरात वरणाच्या फोडणीचं छोटं लोखंडी कढलं असतं. तेच भाजीसाठी बाहेर काढायचं. चमचाभर तेल घाला, कढलं थोडं तिरकं धरा म्हणजे तेल एका कडेला गोळा होतं, आणि ते चांगलं तापू द्या. दोन दाणे मोहरी टाकून बघा. लगेच फुटली तरच बाकीची टाका आणि वर ताटली धरा. मोहरी तडतडते ती तिच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन. अर्धवट फुटलेली मोहरी कडवट लागते, पूर्ण फुटलेली खमंग. तडतड थांबत आली की गॅस बंद. जिरं, हिंग, कढीपत्ता आणि सगळ्यात शेवटी हळद-तिखट त्या उरलेल्या उष्णतेवर. हळद आणि तिखट कमी तेलात क्षणात काळी पडतात, त्यामुळे इथे रेंगाळायचं नाही.

ही फोडणी शिजलेल्या भाजीवर ओता आणि लगेच झाकण ठेवा. दोन-तीन मिनिटं उघडू नका. मग कढल्यात दोन चमचे भाजी घालून ते निपटून घ्या आणि ती भाजी परत पातेल्यात टाका. तळाशी राहिलेल्या तेलातच सगळा वास असतो. सुरुवातीला दिलेली फोडणी वीस मिनिटं शिजताना अर्धी घरभर उडून जाते. शेवटी दिलेली पानापर्यंत येते. लाल भोपळा, दुधी, पडवळ, पालेभाज्या, डाळ घातलेल्या पातळ भाज्या या सगळ्यांना ही वरून फोडणी उत्तम चालते. लाल भोपळ्याला मात्र मोहरीऐवजी मेथीचे दहा-बारा दाणे घाला, लालसर होईपर्यंतच. त्या किंचित कडूपणानं भोपळ्याचा गोडवा उठून दिसतो.

कोरड्या भाज्यांना, म्हणजे कोबी, फरसबी, गवार, फ्लॉवर, यांना फोडणी आधीच लागते. तिथे वाफ कामाला येते आणि ही युक्ती आपल्या आज्या-पणज्यांचीच आहे: झाकणावर पाणी. कोबी बारीक चिरून घ्या. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेलाची फोडणी करा (कढई किंचित तिरकी धरून, कढल्यासारखीच), भिजवलेली मूठभर हरभऱ्याची डाळ परता, मग कोबी आणि मीठ घाला. मीठ आधी घातलं की कोबी स्वतःचं पाणी सोडतो. वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात पेलाभर पाणी ओता. आतली वाफ वर जाते, ताटलीच्या थंड बुडाला लागते आणि थेंब होऊन परत भाजीत पडते. त्यामुळे खाली लागत नाही आणि वरून पाणीही घालावं लागत नाही. सात-आठ मिनिटांनी ताटली काढा. आता महत्त्वाची पायरी, जी बरेचजण गाळतात: आच मोठी करा आणि झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं परता, कडा जरा लालसर होईपर्यंत. वाफेवरच्या भाजीला जो ओलसर, आजारी वास येतो तो इथे जातो आणि परतल्याचा खमंगपणा येतो. मग ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

ताटलीतलं पाणी फेकू नका. गवार-फरसबीला मध्येच पाणी लागलं तर तेच गरम पाणी घाला. गार पाणी पडलं की शिजण्याचा वेग मोडतो आणि भाजी चिवट होते.

भांडं जाड हवं, हे पुन्हा सांगते. लोखंडी कढई किंवा बिडाचा तवा नीट तापवून, मग तेल घालून, मग भाजी टाकली तर ती चिकटत नाही. गार भांड्यात तेल आणि भाजी एकदम घातली की चिकटते आणि आपण आणखी तेल घालतो. फक्त आंबट भाजी लोखंडात शिजवत किंवा शिजवून ठेवत बसू नये. रंग काळपट होतो आणि चवीला लोखंड लागतं. तिच्यासाठी जाड बुडाचं स्टील किंवा कल्हईचं पातेलं.

रस्साभाजीत अडचण वेगळी येते. आपल्या सगळ्या पाककृतींत एक वाक्य असतंच: "मसाला तेल सुटेपर्यंत परता." चमचाभर तेलात तेल सुटणार कुठून? ही खूण खरं तर एवढंच सांगते, की मसाल्यातलं पाणी उडालं, कच्चा वास गेला. कमी तेलात खूण बदलायची. कांदा बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून झाकणाखाली ठेवा. तो पाणी सोडतो. ते आटलं की दोन चमचे गरम पाणी शिंपडा, खरवडा, पुन्हा आटू द्या. असं दोन-तीनदा केलं की कांदा तपकिरी होतो, खाली लागलेला लालसर थर पाण्यानं सुटून परत कांद्यात मिसळतो आणि चव त्या थरातच असते. मग आलं-लसूण, टोमॅटो, मसाले. मसाल्याचा गोळा होऊन तो कढईच्या कडा सोडायला लागला, चमच्यानं ओढला की मागे रस्ता मोकळा राहिला, आणि नाकाला कच्चा लसूण लागेनासा झाला, की झालं. वेळ पाच-सात मिनिटं जास्त लागतो, हे कबूल करायला हवं. ज्यांना सकाळी सातला डबा द्यायचा असतो त्यांनी हा मसाला रविवारी एकदम करून फ्रिजमध्ये ठेवावा. तीन-चार दिवस सहज टिकतो.

घाटावरच्या वाटणात तर तेल मुळात लागतच नाही. कांदा सालासकट गॅसवर किंवा निखाऱ्यावर भाजायचा, खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून ज्योतीवर काळसर करायची, लसूण-आलं तव्यावर कोरडंच शेकायचं आणि सगळं वाटायचं. भाजलेल्या कांद्याचा धुरकट गोडवा तेलात तळलेल्या कांद्याला येत नाही. पुढे कुणीतरी सोय म्हणून तेच वाटण पावशेर तेलात परतायला सुरुवात केली आणि लाल तवंग हीच चवीची खूण होऊन बसली. मिसळीवरची तर्री रविवारी जरूर खावी. मंगळवारच्या मटकीच्या उसळीवर ती कशाला?

तेल सगळ्यात जास्त पितं ते वांगं. त्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात, त्यामुळे कच्च्या फोडी कढईत पडल्या की स्पंजासारखं तेल ओढून घेतात. पुन्हा कोरड्या दिसतात, आपण पुन्हा ओततो. उपाय सोपा आहे. फोडी आधी पाच-सहा मिनिटं वाफवा. गर बसला की पोकळ्या मोडतात आणि मग तेल ओढलं जात नाही. भरल्या वांग्यांनाही हेच: दाण्याचं कूट, सुकं खोबरं, गोडा मसाला, चिंच-गूळ भरून वांगी दोन चमच्यांच्या फोडणीत मांडा, अर्धी वाटी गरम पाणी, वर पाण्याची ताटली, पंधरा मिनिटं मंद आच. शेवटी रश्शावर जो तवंग दिसेल तो कुटातल्या दाण्यांचाच असेल.

भरिताला तर भाजताना थेंबभरही तेल नको. खानदेशात भरिताची वांगी वेगळीच, मोठी, फिक्या हिरव्या रंगाची. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही आहे. ती मिळाली नाहीत तर कुठलंही मोठं वांगं घ्या, पण हातात घेऊन बघा: आकाराच्या मानानं हलकं असेल तर बिया कमी. दोन-तीन चिरा देऊन लसणीच्या पाकळ्या आणि एक हिरवी मिरची आत खोचा. ज्योतीवर सगळ्या बाजूंनी काळं होईपर्यंत भाजा, मग पाच मिनिटं झाकून ठेवा. साल वाफेनं सुटते. ती हातानं काढा, नळाखाली धरू नका. पाण्याबरोबर धूर निघून जातो आणि भरिताचा जीव त्या धुरातच असतो. ठेचलेली मिरची, कांद्याची पात, कोथिंबीर, मीठ. दही घालायचं तर फोडणी अर्ध्या चमच्याची. खानदेशी माणसाला हे भरीत दरिद्री वाटेल, याची कल्पना आहे. त्यांच्यासाठी तडजोड: एक चमचा कच्चं शेंगदाण्याचं तेल, पानात वाढल्यावर वरून. वरून घातलेलं घाण्याचं तेल जिभेला सरळ लागतं, त्यामुळे एका चमच्यात समाधान होतं. महागातलं चांगलं तेल असंच वापरावं, कढईत जाळू नये.

भेंडीचं तेल तिच्या बुळबुळीतपणासाठी खर्च होतं. धुऊन, पूर्ण पुसून मग चिरा. रुंद कढई तापवा आणि भेंडी तेलाशिवाय, झाकणाशिवाय पाच-सहा मिनिटं परता. तारा तुटायला लागल्या की मध्ये जागा करा, तिथे दीड चमचा तेल घालून मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी करा आणि मग सगळं मिसळा. दोन आमसुलं किंवा थोडं लिंबू. मीठ अगदी शेवटी, कारण मिठानं पाणी सुटतं आणि पाण्यानं बुळबुळ परत येते.

कारल्याच्या पातळ चकत्यांना मीठ लावून वीस मिनिटांनी पिळा, वाफेवर मऊ करा, मग चिंच-गूळ आणि थोडे भाजलेले तीळ. बटाट्याच्या काचऱ्या चिरल्यावर दोनदा धुवा. पिठूळपणा गेला की त्या एकमेकींना चिकटत नाहीत. सुरणाचे किंवा कच्च्या केळ्याचे काप तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून बिडाच्या तव्यावर ठेवा, कडेनं चमचाभर तेल सोडा, एक बाजू झाकून आणि दुसरी उघडी भाजा.

आंबटपणाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तेल कमी केल्यावर जी पोकळी वाटते ती भरून काढणारी पहिली गोष्ट आंबट. मीठ वाढवून ती भरायची नाही. तेलाचं दुखणं काढून रक्तदाबाचं घेतल्यासारखं होईल. आपल्याकडे आंबटाचे प्रकार किती आहेत बघा: चिंच, आमसूल, कैरी, ताक, लिंबू, टोमॅटो, अंबाडी, आंबट चुका. प्रत्येकाची जागा ठरलेली. चिंचेला गूळ लागतो आणि गोडा मसाला जमतो. आमसुलाला ओलं खोबरं. ताकाला हिरवी मिरची आणि आलं. लिंबू गॅस बंद केल्यावर. एक नियम मात्र सगळ्यांना सारखा: भाजी मऊ झाल्याशिवाय आंबट घालू नये. आंबटानं भाजीचं शिजणं अडतं. बटाट्यात चिंच आधी पडली तर अर्धा तास उकळूनही फोड दडदडीत राहते. अळू आणि सुरण यांना मात्र आंबट हवंच, नाहीतर घसा खाजतो.

तिखट-आंबट-गोड जमलं की तेलाची आठवणही होत नाही, याचा पुरावा आपल्याच ताटात आहे. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, होणारी ऋषीची भाजी घ्या. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्या: अळू, लाल माठ, शिराळी, पडवळ, भेंडी, भोपळा, सुरण, कोवळी कणसं. अनेक घरांत तिच्यात ना तेल, ना मसाला. हिरव्या मिरच्या, चिंच किंवा आंबट चुका, मीठ, ओलं खोबरं, झालं. वर्षातून एकदाच होते म्हणून पातेलं चाटूनपुसून संपतं असं म्हणणाऱ्यांनी ती श्रावणातल्या कुठल्याही बुधवारी करून बघावी. गोव्याचं खतखतं दुसरं उदाहरण. पाच-सात भाज्या, तूरडाळ, खोबरं-सुक्या मिरच्या-हळदीचं वाटण, आमसूल, गूळ आणि वर ठेचलेली तिरफळं, फोडणी नाहीच. तिरफळातली काळी बी काढून टाकायची, वापरायची ती फक्त सालं.

आणि रायगडची पोपटी. थंडीत अलिबाग-पेणकडे मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालून त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, जाडं मीठ आणि ओवा असे थर देतात, तोंड पाल्यानं बंद करतात, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. पाणी नाही, तेल नाही. शेंगांच्या स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वासावर सगळं शिजतं. फ्लॅटमध्ये मडकं पेटवता येणार नाही, पण कल्पना उचलता येते: जाड बुडाच्या पातेल्यात तळाला कोबीची बाहेरची पानं अंथरा, पाण्याचा हबका मारा, वालपापडी, तुरीच्या शेंगा, लहान बटाटे, रताळ्याच्या फोडी, ओवा आणि जाडं मीठ घाला, झाकण कणकेनं बंद करा आणि अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवा. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. भांबुर्डीचा वास येणार नाही, पण रात्रीच्या जेवणाला दुसरं काही लागणारही नाही.

या सगळ्यात एक फसगत होते तीही सांगायला हवी. तेल कमी केलं म्हणून समाधानानं मूठभर दाण्याचं कूट आणि वाटीभर सुकं खोबरं घातलं, तर हिशेब तिथेच येतो. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, तिळातही तेवढंच, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. ओल्या खोबऱ्यात पाणी असल्यानं प्रमाण कमी, साधारण एक तृतीयांश. हे पदार्थ वाईट नाहीत. त्यांच्याबरोबर प्रथिनं आणि चोथाही येतो, नुसत्या तेलात तो नसतो. पण कूट घातलं तर फोडणी एका चमच्याची, एवढं पाळावं. अर्धा किलो भाजीला दोन मोठे चमचे कूट पुरे. ते आयत्या वेळी जाडसर कुटलेलं असेल तर कमी घालूनही जास्त लागतं. महिन्याचं करून ठेवलेलं खवट झालेलं असतं.

मसाल्याचंही तसंच. गोडा मसाला तळहातावर चोळून वास घ्या. दगडफूल, धने, खोबरं यांचा वास भपकन आला पाहिजे. नाही आला तर तो मसाला भाजीला नुसता रंग देतो. वर्षाचा मसाला केला तरी रोजच्यासाठी छोटी बाटली वेगळी काढावी आणि मोठी बरणी घट्ट बंद राहू द्यावी. धने-जिरे पूड पंधरा दिवसांपुरतीच करावी.

पालेभाज्यांना वेळ कमी, तेल त्याहून कमी. धुतल्यावर पानांना जे पाणी राहतं तेवढ्यात त्या शिजतात. झाकण ठेवलं नाही तर रंग हिरवा राहतो. मीठ बसल्यावरच घालायचं, कारण कढईभर मेथीची वाटीभर होते आणि कढईच्या अंदाजानं घातलेलं मीठ खारट पडतं. लसणीच्या चकत्या कढल्यात एका चमच्यात लाल करून वरून घातल्या की मेथी, चवळी, राजगिरा, तांदुळजा, कुठलीही पालेभाजी उभी राहते. पूर्ण तेल काढू नका, हेही सांगते. पालेभाज्यांतलं आणि भोपळ्या-गाजरातलं अ जीवनसत्त्व शरीरात मुरायला थोडी स्निग्धता लागतेच.

पीठ पेरलेल्या भाज्या तेलखाऊ म्हणून बदनाम आहेत. कांद्याची पात, सिमला मिरची, मुळ्याचा पाला यांवर कच्चं बेसन पेरलं की ते शिजायला तेल मागतं. बेसन आधी कोरडंच मंद आचेवर खमंग भाजून घ्या. भाजी अर्धवट शिजली की पेरा, हातानं पाणी शिंपडा, झाकण ठेवा, पाच मिनिटांनी उलथन्यानं मोकळं करा. तीन चमच्यांचं काम दीड चमच्यात होतं. ताकातला पालक किंवा चाकवत तर याहून सोपा: शिजलेली भाजी, हरभऱ्याची डाळ आणि दाणे, त्यात बेसन कालवलेलं ताक. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर फुटतं. वरून कढल्यातली फोडणी.

डब्याची तक्रार खरी आहे. कमी तेलाची कोरडी भाजी सकाळी सुरेख लागते आणि दुपारी एकला घशात अडकते. म्हणून डब्यासाठी भाज्याच निवडून घ्याव्यात: अंगच्या पाण्याच्या, जसं दुधी, दोडका, लाल भोपळा, किंवा मसाल्यात लपेटलेल्या, जसं वांगं-बटाटा. फरसबी-गवार द्यायचीच असेल तर तिच्यात मूगडाळ घालून जरा सैलसर ठेवावी, खोबरं शेवटी पेरावं.

एअर फ्रायर घ्यावा का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. घरात असेल तर भेंडी, सुरण, कारलं, फ्लॉवर त्यात छान होतात. या लेखातल्या कशासाठीही तो विकत घेण्याची गरज नाही. तेच पैसे चांगल्या लोखंडी कढईत घालावेत. तळणीतून उरलेलं तेल मात्र फोडणीला वापरायची सवय मोडा. ते पुन्हा पुन्हा तापवणं तब्येतीला बरं नाही आणि त्या जुनाट वासापुढे कुठल्याही भाजीचा स्वतःचा वास टिकत नाही.

आणि एकदम निम्म्यावर येऊ नका. आज चार चमचे जात असतील तर पुढच्या आठवड्यात साडेतीन, त्याच्या पुढच्या आठवड्यात तीन. घरात जाहीर तर मुळीच करू नका. "आजपासून तेल कमी" असं म्हटलं की पहिल्या घासाला कमी मिठाची, कमी तिखटाची अशा सगळ्या तक्रारी येतात. दोन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर त्याच्या मऊ भातावरचं तूप या हिशेबात धरायचं नाही, त्याला ते हवं आहे. मूत्रपिंडाचं किंवा दुसरं एखादं पथ्य चालू असेल तर भाज्यांची निवड डॉक्टरांना विचारूनच करा.

जेवायला बसणाऱ्यांनाही एक विनंती आहे. भाजीवर तवंग दिसला नाही म्हणून चाखण्याआधीच लोणचं आणि पापड मागू नका. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला महिनाभर द्या, आणि त्या महिन्यातला एखादा कोबी स्वतः चिरून, झाकणावर पाणी ठेवून, करून बघा.